सत्यपेटीतली राणी

सकाळी नऊलाच मधकारखान्याचं पटांगण गच्च भरलं होतं. बरण्या धुणाऱ्या बायका, लेबलं चिकटवणारे, ट्रकवाले, कडेवरची पोरं, आणि मधाशी ज्यांचा संबंध फक्त चमच्यापुरता असे बाहेरचे पाहुणेसुद्धा. सगळ्यांच्या माना ओट्याकडे. ओट्यावर निळ्या रंगाची एक मधपेटी आणि पेटीमागे गोडबाबा.

हे नाव त्यांना कोणी दिलं माहीत नाही. बोलणं ऐकूनच दाताला कीड लागावी इतकं गोड, म्हणून पडलं असावं, असा माझा अंदाज.

बाबांनी बाही कोपराच्या वर सारली, पेटीचं झाकण काढलं आणि उघडा हात सरळ आत घातला. ना तोंडावर जाळी, ना हातमोजा, ना धूर. हात बाहेर आला तेव्हा तो हात म्हणून ओळखूच येत नव्हता. बोटांपासून कोपरापर्यंत माशाच माशा. पटांगणात इतकी शांतता की त्यांची गुणगुण शेवटच्या रांगेतही ऐकू येत होती. बाबांनी हात अलगद झटकला, माशा उडाल्या आणि खालून हात निघाला लख्ख. एक डंख नाही.

“माशीला पाच डोळे असतात, लेकरांनो,” बाबा म्हणाले. “दोन जग बघायला आणि तीन माणसाचं मन बघायला.”

पाच डोळे ही गोष्ट खरी आहे, ती आमच्या पुस्तकातही आहे. फक्त पुस्तकातले ते तीन डोळे उजेड किती आहे ते बघतात. मन बघत असल्याचा उल्लेख कुठे सापडत नाही. पण हे सगळं मला नंतर सुचलं. त्या क्षणी डोकं चालतच नव्हतं, कारण पुढचा हात माझ्या आईचा होता.

आई मध काढायच्या खोलीत काम करते. पेटीतल्या चौकटी गोल यंत्रात घालून फिरवायच्या, उडालेला मध गाळायचा, पिंपात भरायचा आणि पिंपावर सही करायची. सोळा वर्षं ती हेच करतेय. यंदा तिच्या खोलीतून गेलेल्या मालात तपासणीत साखर निघाली आणि अख्खा ट्रक परत आला. मॅनेजरसाहेबांची चौकशी दोन मिनिटांत संपली. पिंपावर सही कोणाची, आईची. मग साखर कोणी मिसळली, उघडच आहे. तरी न्याय दिसायला हवा म्हणून प्रकरण बाबांकडे दिलं.

बाबा चार वर्षांपूर्वी आले तेव्हापासून आमच्याकडे चोरी, भांडण, संशय, सगळ्याचा निकाल माशाच लावतात. आधी बाबा आपल्या निळ्या पेटीत, म्हणजे सत्यपेटीत, हात घालून माशांना जागं करतात. मग ज्याच्यावर संशय त्याने आपल्या खात्याला नेमून दिलेल्या रांगेतल्या पेटीत हात घालायचा. माशा चावल्या नाहीत तर सुटका. चावल्या तर काम गेलं, आणि कामाबरोबर राहायची खोलीही. मागच्या वर्षी डबे सील करणारे एक मामा असेच गेले. कुठे गेले ते कोणी विचारलंही नाही. मीही नाही.

आईने हात घातला आणि दुसऱ्याच क्षणी बाहेर काढला. चौदा डंख. चेहरा सुजला, ओठ काळेनिळे पडले, आणि श्वास घेताना तिच्या घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. लोक बाजूला झाले, पण तिला वाट द्यायला नाही, तिचा धक्का लागू नये म्हणून. कारखान्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाई इंजेक्शन घेऊन धावत आल्या म्हणून आज माझी आई आहे.

नर्सबाईंनी मला दाराबाहेर बोलावून समजावलं. वर्षानुवर्षं माशांमध्ये काम करणाऱ्यांना कधीकधी अशी ॲलर्जी होते, तिचा चांगल्या-वाईट मनाशी संबंध नसतो. पुन्हा इतके डंख बसले तर मी वेळेवर पोहोचेनच असं नाही, असंही त्या म्हणाल्या.

तिकडे बाबांनी निकाल दिला होता. पाप जड आहे, पण बाबा दयाळू आहेत. तीन आठवड्यांनी दुसरी संधी. तोवर बाईने कबूल करावं, नाहीतर पुन्हा हात घालावा.

मी घरी येऊन खूप बडबडले. आपण जायचंच नाही, पोलिसांत जाऊ, मावशीकडे जाऊ. आई सुजलेला हात पाण्यात बुडवून बसली होती. ती शांतपणे म्हणाली, “माशा उगीच चावत नाहीत गं. माझ्या मनात काहीतरी असणारच.”

मला चौदा डंखांपेक्षा या वाक्याची जास्त भीती वाटली. माझी आई, जी भाजीवाल्याने चुकून जास्त घातलेली मिरची परत देऊन येते, ती स्वतःच्या मनात चोर शोधत बसली होती. रोज संध्याकाळी भांडी घासता घासता ती थांबायची आणि कुठेतरी बघत राहायची. जेवण अर्धं टाकायची. मी काही विचारलं तर म्हणायची, तू अभ्यास कर.

अभ्यास केला, तो असा कामी आला.

त्या आठवड्यात जीवशास्त्राच्या मॅडम उत्क्रांती शिकवत होत्या. त्यांनी आम्हाला उचलून मैदानावरच नेलं. कुंपणाच्या आतलं गवत दर आठवड्याला कापलं जातं, बाहेरचं कोणी कापत नाही. मॅडम म्हणाल्या, एकाच जातीची रोपं दोन्हीकडची आणा आणि मोजा. आतली रोपं बोटभर उंचीवरच फुलली होती, बाहेरची गुडघ्याएवढी. मॅडमनी विचारलं की आतल्या रोपांना बुटकं व्हायचं कोणी शिकवलं. मग त्यांनी सांगितलं की शिकवलं कोणीच नाही. उंच वाढून फुलणारी फुलायच्या आत कापली गेली, त्यांचं बी पडलंच नाही. जन्मतःच जरा बुटकी असलेली वाचली, बी पडलं ते त्यांचं. पिढ्यान् पिढ्या हेच. त्यांनी दोन्हीकडचं बी घेऊन शाळेत एकाच मातीत लावलंही होतं, तरी आतल्यांची पोरं बुटकीच निघाली. “निसर्गाची निवड म्हणजे कोणी खुर्चीवर बसून निवडत नाही,” मॅडम म्हणाल्या. “एक गाळणी असते. आत बरंच काही पडतं, खाली थोडं उतरतं. पुढची पिढी त्या थोड्याची.”

सहामाहीपर्यंत मी हजेरीलासुद्धा पुटपुटत ‘हजर’ म्हणायचे. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर विचारलं की मॅडम, कोणी गवत कापणंच बंद केलं तर? त्या म्हणाल्या, मग बुटकेपणाचा फायदा संपला. काही वर्षांत उंच रोपं परत येतील, कुंपणाबाहेरचे परागकण आहेतच.

माझ्या डोक्यात काहीतरी टक्कन वाजलं. काय, ते कळायला दोन दिवस लागले.

आधी मी नर्सबाईंकडे गेले. त्या दवाखान्यात आलेला प्रत्येक डंख एका वहीत लिहितात, तो त्यांचा नियमच आहे. बाबा यायच्या आदल्या हंगामात डंख लागून दवाखान्यात आलेले होते नऊ. बाबा आले त्या वर्षी अकरा. मग चौतीस. मग ऐंशी. मग एकशे वीस. यंदा हंगाम संपला नव्हता आणि आकडा दीडशेच्या पुढे होता. बाबांचं यावरचं प्रवचन मला पाठ होतं, कारखान्यात पाप वाढतंय. नर्सबाई चष्मा पुसत म्हणाल्या की पाप वाढतंय की काय ते मला कळत नाही, माझं इंजेक्शन मात्र संपत आलंय.

चार वर्षांपूर्वी काय बंद झालं, हे सांगू शकणारा एकच माणूस होता. चिमट्याकाका.

काका चाळीस वर्षं पेट्या सांभाळत होते. आता फाटकाजवळ स्टुलावर बसून असतात आणि कोणाशी बोलत नाहीत. मी चिकाटीने रोज जाऊन त्यांच्या शेजारी जमिनीवर बसायचे. चौथ्या दिवशी ते बोलले, तेही माझ्याकडे न बघता.

अगदी सुरुवातीला माशा डोंगरातून पकडून आणलेल्या होत्या. पेटीजवळ शिंकलं तरी अंगावर धावायच्या, माणसं कपड्यांसकट हौदात उड्या मारायची. तेव्हाच्या मुकादमाने काकांना एक काम लावून दिलं. दर हंगामात ज्या पेट्या सगळ्यात रागीट, त्यांची राणी शोधायची, चिमटीत धरायची आणि मारायची. तिच्या जागी सगळ्यात शांत पेटीतल्या राणीची लेक सोडायची. दीड-दोन महिन्यांत जुन्या माशा मरतात, नव्या राणीच्या पोरी पेटी ताब्यात घेतात आणि पेटी शांत होते. काका हेच करत राहिले. नावसुद्धा त्यावरूनच पडलं.

“मग बाबा आले,” काका म्हणाले. “सगळ्यांसमोर मला म्हणाले, तू शेकडो आयांचा खून केलास. यापुढे एकाही राणीला हात लावायचा नाही. मी कान धरले, पोरी. खून केले मी.”

मी काकांना विचारलं की बाबा यायच्या आधी तुम्ही कधी उघड्या हाताने पेटीत हात घातला होता का. ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी वेडीच आहे. जाळी आणि हातमोज्यांशिवाय पेटी उघडायची नाही, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम. चाळीस वर्षांत कोणी मोडला नव्हता.

झालं. गणित सुटलं. चाळीस वर्षं गाळून गाळून काकांनी जगातल्या सगळ्यात गरीब माशा तयार केल्या, आणि त्या गरीब झाल्यात हे आख्ख्या कारखान्यात कोणाला कळलंच नाही, कारण हातमोजा काढून कोणी बघितलंच नव्हतं. बाबांनी फक्त हातमोजा काढला. आणि मग, पुण्य मिळावं म्हणून, गाळणीच बंद करून टाकली. डोंगरात जी वसाहत चावते तिचा मध टिकतो, ती थंडीत जगते, तिच्यातून नव्या वसाहती निघतात. तिथली गाळणी रागीट माशांच्या बाजूची आहे. आमच्या तरुण राण्या उडून जाऊन त्याच डोंगरातल्या नरांशी जुळायच्या. काका त्यांच्या रागीट लेकी काढून टाकायचे, ते आता कोणी करत नव्हतं. जुना राग परत येत होता, आणि प्रत्येक डंखाबरोबर आम्ही एकेका माणसाला पापी ठरवत होतो.

मी काकांना म्हटलं की तुम्ही खून नाही केले, तुम्ही निवड केली. माशा बाबांच्या तपामुळे नाही, तुमच्या चिमटीमुळे शांत होत्या. काकांनी आपल्या अंगठ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “मग यांची निळी पेटी अजून शांत कशी?”

हे मला सुचलं नव्हतं, कबूल करते. बाकी पेट्या बिघडल्या, ती का नाही? काका म्हणाले, राणी बघायला हवी.

दुसऱ्या संधीचा रविवार आला. मी आदल्या दिवशी आईला सगळं समजावलं होतं. तिने ऐकून घेतलं आणि तरी नवीन धुतलेला ब्लाउज इस्त्री करून ठेवला, आखूड बाहीचा. हात घालायला सोपा जावा म्हणून.

पटांगण पुन्हा गच्च. बाबांनी पुन्हा हात घातला, पुन्हा लख्ख काढला. पाच डोळ्यांचं प्रवचन झालं. मॅनेजरसाहेबांनी आईकडे बघून मान हलवली. आई उठली. मी तिच्या आधी ओट्यावर चढले. आवाज जराही कापला नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

मी म्हटलं, “बाबा, आज अदलाबदल करूया. तुम्ही आईच्या रांगेतल्या पेटीत हात घाला, मी तुमच्या पेटीत घालते.”

बाबा हसले. मुली, माझं तप माझ्याच पेटीत मुरलंय, असं काहीसं म्हणाले.

“म्हणजे माशा मन नाही ओळखत, पेटी ओळखतात?”

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. बाबा थांबा म्हणायच्या आत मी निळ्या पेटीचं झाकण काढलं. काकांनी शिकवल्याप्रमाणे श्वास दुसरीकडे सोडला, हात सावकाश आत नेला. शेकडो बारीक पाय त्वचेवर चालायला लागले. गुदगुल्या आणि भीती एकदम. मग मी मोठ्याने बोलायला सुरुवात केली. साखर मी मिसळली. शाळेची घंटा मी चोरली. परवा ट्रकचं चाक मी पंक्चर केलं. मी या कारखान्याची मालकीण आहे. शेवटच्या वाक्याला मॅनेजरसाहेब दचकले, माशा दचकल्या नाहीत. चार धडधडीत खोटी वाक्यं, आणि हात बाहेर आला तो बाबांच्या हातासारखाच लख्ख.

तोवर काका फाटकावरचं स्टूल सोडून ओट्यावर आले होते. त्यांनी चौकट उचलली, उन्हात धरली, आणि क्षणात राणी शोधली. लांबट, डौलदार, आणि तिच्या पाठीवर पिवळ्या रंगाचा एक गोल ठिपका.

“या कारखान्यात कधी कोणी राणीला रंग लावला नाही,” काका म्हणाले. चार वर्षांत त्यांचा आवाज लोकांनी पहिल्यांदाच ऐकला. “रंग राणी विकणारे लावतात. ही विकतची आहे. निवडून वाढवलेली.”

गर्दीतून पोस्टमनदादा पुढे आले. ते डोकं खाजवत म्हणाले की दर वर्षी बाबांच्या नावाने जाळी लावलेली काडेपेटीएवढी डबी येते. आतून गुणगुण ऐकू येते. बाबा म्हणायचे, औषध आहे, हलवू नका.

म्हणजे दुसऱ्यांनी राणी बदलणं पाप, आणि स्वतःच्या पेटीत दर वर्षी नवी गरीब राणी. मी लोकांना गवताची गोष्ट सांगितली, वहीतले आकडे सांगितले, गाळणी सांगितली. घाईघाईत सांगितलं, मधे दोनदा चुकले. पण पुढच्या रांगेतल्या बायका काकांच्या हाताकडे बघत होत्या, बाबांच्या नाही.

बाबांनी फक्त एवढंच म्हटलं की श्रद्धा नसेल तिथे मी थांबत नाही. तरी ते ऑफिसात जाऊन थांबले. त्यांच्यामागे दहा-बारा माणसं गेलीच.

इथे टाळ्या पडून गोष्ट संपायला हवी होती. पण मॅनेजरसाहेबांनी घसा खाकरला. ते म्हणाले, बाबांचं काय असेल ते वेगळं बघू, साखरेचा प्रश्न तसाच आहे. बाई निर्दोष असतील तर त्यांना हात घालायला हरकत काय?

आणि लोक पुन्हा आईकडे बघायला लागले. पाच मिनिटांपूर्वी हसलेलेसुद्धा. मला वाटलं आता रडू येणार.

आई ओट्यावर आणून ठेवलेल्या आपल्या रांगेतल्या पेटीपाशी गेली. तिने झाकणावर हात ठेवला आणि ते घट्ट दाबून बंदच ठेवलं.

“मी हात घालणार नाही,” ती म्हणाली. “फुलं नसताना पेट्यांना साखरेचा पाक पाजतात, फुलं आली की बंद करतात. यंदा बंद झाला नाही. पिंपं जास्त भरावीत म्हणून साहेबांनी चालू ठेवायला सांगितला. माशांनी पाक साठवला, मी तो मध म्हणून काढला. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. माशा चावल्या तेव्हा मला वाटलं, त्याचीच शिक्षा. शिक्षा नव्हती ती. पण गप्प बसले, हे खरं.”

पाक पाजणारे दोघं तिथेच उभे होते, जमिनीकडे बघत. त्यातल्या एकाने मान वर केली आणि म्हणाला की बाई खरं बोलतायत.

याला महिना झाला. मालकांनी चौकशी नेमली आहे, आणि चौकशी संपेपर्यंत आईला कामावर यायला मनाई आहे. खोली कधी सोडायला सांगतील, माहीत नाही. बाबांना कोणी हाकललं नाही; ते पुढच्या गावी गेले आणि निळी पेटी बरोबर घेऊन गेले, याची मला रात्रंदिवस धास्ती वाटते. काकांनी पुन्हा काम सुरू केलंय. पेट्या शांत व्हायला एक-दोन हंगाम तरी लागतील, तोवर नर्सबाईंची वही भरत राहणार.

मी मॅडमना विचारलं, आमच्याकडेही चार वर्षं बोलणारी माणसं गाळली गेली आणि मान डोलावणारी उरली, ही उत्क्रांतीच ना? त्या म्हणाल्या, नाही. भित्रेपणा असा रक्तातून उतरत नाही. माशीला आपला स्वभाव बदलता येत नाही, माणसाला एका सकाळीत बदलता येतो. तुझ्या आईने बदलला.

म्हणून वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या गावात कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी विचारा की हेच दुसऱ्या पेटीत करून दाखवता का. याआधी काय चालू होतं आणि काय बंद झालं ते शोधा. कोणीतरी मोजून लिहिलेली वही कुठेतरी असते, ती वाचा. आणि एखाद्या माणसाला सगळ्यांसमोर पेटीपुढे उभं केलं असेल तर त्याला आधी बोलू द्या, आणि तो बोलत असताना त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. आई बोलली तेव्हा तिच्या शेजारी आम्ही दोघंच होतो, मी आणि काका. पटांगणात तीनशे माणसं होती.